९/११ स्मारक आणि संग्रहालय: आई-बाबांना घेऊन जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

मे उजाडला की न्यू जर्सीतल्या आपल्या घरांमध्ये आई-बाबा, सासू-सासरे येऊन दाखल होतात आणि पहिल्या पंधरवड्यातच न्यूयॉर्कचा बेत ठरतो. लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, आणि मग जेवता जेवता कोणीतरी म्हणतं, "ते टॉवर पडले ना, तिथेही जायचंय हं." मी घरच्यांना आणि पाहुण्यांना घेऊन तिथे बऱ्याचदा गेले आहे. पहिल्या दोन खेपा साफ फसल्या. एकदा तिकीट भलत्याच ठिकाणचं काढलं होतं. दुसऱ्यांदा तिकीट बरोबर होतं, पण दिवसभर भटकून झाल्यावर आत शिरलो आणि मुख्य प्रदर्शनाच्या दाराशी सासूबाई बाकावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. याच दोन चुका आता ओळखीपाळखीच्या निम्म्या लोकांकडून ऐकते, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे. त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे फक्त कसं जायचं आणि कसं पाहायचं एवढंच.

टप्पा १: नेमकं कुठे जायचंय ते आधी ठरवा

सगळा घोळ इथून सुरू होतो. एकाच आवारात चार गोष्टी आहेत आणि घरात बोलताना आपण चारही गोष्टींना "वर्ल्ड ट्रेड सेंटर" म्हणतो.

पहिलं, स्मारक. हे उघड्यावरचं पटांगण आहे. दोन टॉवर जिथे उभे होते त्याच दोन जागी दोन प्रचंड चौकोनी जलकुंड आहेत, प्रत्येक जवळपास एक एकराचं. कडेच्या ब्राँझच्या कठड्यावर २,९८३ नावं कोरली आहेत. इथे यायला तिकीट लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरं, संग्रहालय. हे जमिनीखाली आहे, दोन कुंडांच्या मधल्या काचेच्या इमारतीतून खाली उतरायचं. याला तिकीट लागतं, वेळ ठरवून घेतलेलं.

तिसरं, वन वर्ल्ड ऑब्झर्व्हेटरी. शेजारच्या नव्या उंच इमारतीच्या माथ्यावरून शहर पाहायची जागा. याचं तिकीट वेगळं. संग्रहालयाशी काही संबंध नाही.

चौथं, ऑक्युलस. पांढऱ्या फासळ्यांचं, पंख पसरल्यासारखं दिसणारं स्टेशन, आणि आत दुकानं. तिकीट नाही.

आमची पहिली फसगत दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत झाली. घाईघाईत फोनवर तिकिटं काढली, संग्रहालयाच्या दारात दाखवली, तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे वर जायचं आहे. तुम्ही खाली आलात." चार माणसांची तिकिटं होती. पुढचं सांगत नाही.

*तपासा:* तिकिटावर "म्युझियम" हा शब्द आहे का? "ऑब्झर्व्हेटरी" असेल तर ते गच्चीचं तिकीट आहे. आणि रस्त्यात कोणी "मेमोरियलचं तिकीट" विकायला आला तर सरळ पुढे चालू लागा, स्मारक फुकट आहे.

टप्पा २: दिवस, वेळ, तिकीट

संग्रहालय साधारणपणे मंगळवारी बंद असतं. वेळापत्रक आणि दर मधूनमधून बदलतात, त्यामुळे कोणाच्या जुन्या मेसेजवर विसंबू नका. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा आणि तिकीटही तिथूनच काढा. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा दर असतो. आई-बाबांचं तिकीट काढताना तो पर्याय निवडायला विसरू नका, आम्ही एकदा विसरलो होतो.

वेळ सकाळची घ्या. उघडल्या उघडल्याची मिळाली तर सोनं. आत दोन तास तर सहज जातात, वाचत पाहणाऱ्यांना तीन. बाबा प्रत्येक फलक वाचणारे असतील (प्रत्येक घरात एक तरी असतो) तर तीन धरूनच चला. दुपारी उशिराची वेळ घेतली की शेवटचा तासभर पळापळीत जातो.

सोमवारी संध्याकाळी मर्यादित मोफत तिकिटं असतात, ती ऑनलाइन आधी घ्यावी लागतात आणि भराभर संपतात. एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय झकास आहे. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन मात्र त्या वाटेला जाऊ नका, कारण त्या वेळेत संग्रहालय बंद व्हायला फारसा अवकाश उरलेला नसतो.

११ सप्टेंबरला जायचा विचार असेल तर सोडून द्या. त्या दिवशी संग्रहालय लोकांसाठी बंद असतं आणि पटांगणही दुपारपर्यंत गेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवतात. सकाळी सगळी नावं मोठ्याने वाचली जातात. त्या गर्दीत आपण प्रेक्षक म्हणून उभं राहणं बरं दिसत नाही. रात्री आकाशात सोडलेले प्रकाशाचे दोन झोत मात्र हडसन नदीच्या अलीकडून, जर्सी सिटीच्या काठावरूनही छान दिसतात.

*सावधान, तारीख:* अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. पुण्याहून कोणी तिकीट काढत असेल तर ०६/०७ म्हणजे ७ जून. ज्या जागेच्या नावातच ९ म्हणजे सप्टेंबर आहे, तिथेच ही चूक व्हावी याची गंमत वाटते, पण चुलतभावाने ती केलेली आहे.

*सावधान, जोडकाम:* लिबर्टीची बोटफेरी आणि संग्रहालय एकाच दिवशी बसवू नका. फेरीच्या रांगेला धरबंध नसतो आणि संग्रहालयाची वेळ ठरलेली असते. हट्टाने बसवायचंच असेल तर सकाळी संग्रहालय आणि दुपारी बोट. उलट केलंत तर आमच्या सासूबाईंचा बाक तुमच्याही नशिबी येईल.

टप्पा ३: घरी बसून करायची तयारी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

*एक नाव शोधून ठेवा.* जवळपास तीन हजार नावांच्या कठड्यापुढे तयारीशिवाय उभं राहिलं की डोळे नुसते घसरत जातात. मग माणूस फोटो काढतो आणि पुढे जातो. म्हणून आदल्या रात्री संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नावं शोधायची सोय आहे तिथे जा. आडनाव टाकलं की नाव, पॅनेलचा क्रमांक आणि थोडी माहिती मिळते. भारतीय आडनावं बरीच सापडतील. आई-बाबांना शेजारी बसवून शोधा. माझ्या आईने तिच्याच वयाची एक बाई निवडली. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन तासांनी वर आल्यावर ती न सांगता त्या पॅनेलपाशी चालत गेली.

पॅनेलचा क्रमांक कागदावर लिहा. इंग्रजी एन असेल तर उत्तरेचं कुंड, एस असेल तर दक्षिणेचं, पुढे आकडा. नावं अकारविल्हे लावलेली नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. कोण कुठे होतं त्यानुसार गट आहेत: उत्तर टॉवर, दक्षिण टॉवर, चार विमानं, पेंटॅगॉन, बचावाला धावलेले, आणि याच जागी २६ फेब्रुवारी १९९३ ला झालेल्या बॉम्बस्फोटात गेलेले सहा जण. त्या गटांच्या आतही एकत्र काम करणारे, मित्र, नातेवाईक शेजारी शेजारी यावेत अशी घरच्यांच्या विनंतीवरून मांडणी केली आहे. म्हणजे क्रमांक नसेल तर 'प' शोधत कठड्याभोवती फिरण्यात काही अर्थ नाही.

*मुलांशी आधी बोला.* मुख्य प्रदर्शन दहा वर्षांखालच्या मुलांना योग्य नसेल, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. ते गंभीरपणे घ्या. आत विमानातल्या प्रवाशांनी घरी ठेवलेले निरोप त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. लहान मूल असेल तर मोठ्यांनी दोन पाळ्या कराव्यात, एकाने मुलाला खालच्या मोकळ्या दालनात किंवा वर पटांगणात सांभाळावं. पाळी कोणाची आधी हे घरीच ठरवा, दारात उभं राहून वाद घालू नका.

*आई-बाबांना स्पष्ट सांगा* की हे बरंच चालणं आहे, आत काही ठिकाणी अंधार आहे आणि आवाज अंगावर येतात. रक्तदाबाच्या गोळ्या, ऐकण्याचं यंत्र, चष्मा हे सगळं जवळ हवं. लिफ्ट आहेत आणि चाकाची खुर्ची तिथे मागून घेता येते. "मला कशाला खुर्ची" म्हणणाऱ्यांसाठी एक युक्ती: खुर्ची घ्या, त्यात कोट आणि पिशव्या ठेवा. तासाभराने त्या आपोआप हातात जातात.

*पिशवी लहान.* विमानतळासारखी तपासणी असते. चाकांची बॅग चालत नाही. विमानतळावरून थेट यायचा बेत करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. रुमाल मात्र दोन घ्या.

टप्पा ४: पोहोचणं

एडिसन, मेट्रोपार्क, न्यू ब्रन्सविक या बाजूच्यांनी न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी घ्यावी आणि नेवार्क पेन स्टेशनला उतरावं. तिथून पाथची (न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणारी वेगळी रेल्वे) वर्ल्ड ट्रेड सेंटर गाडी. शेवटचंच स्टेशन, सुमारे २५ मिनिटं. थेट ऑक्युलसच्या पोटात उतरता.

इथे होणारी चूक अशी: लोक तसेच गाडीत बसून राहतात आणि न्यूयॉर्क पेन स्टेशनला पोहोचतात. मग मॅनहॅटनच्या मध्यावरून सबवेने पुन्हा खाली यायचं. दोन्ही स्टेशनांच्या नावात 'पेन' आहे, त्यामुळे बाबांना हा फरक आधी सांगून ठेवा. नेवार्क पेन आधी येतं.

पाथचं भाडं वेगळं आहे. न्यू जर्सी ट्रान्झिटचं तिकीट तिथे चालत नाही. जर्नल स्क्वेअरजवळ राहणाऱ्यांनी फलाटावर पाटी पाहून चढावं, कारण तिथून ३३व्या रस्त्याकडे जाणारी गाडीही सुटते आणि दोन्ही गाड्या एकसारख्याच दिसतात.

मॅनहॅटनमधूनच येत असाल तर सबवेच्या ई गाडीचं वर्ल्ड ट्रेड सेंटर, १ नंबरचं डब्ल्यूटीसी कॉर्टलँड किंवा फुल्टन स्ट्रीट, यातलं कुठलंही सोयीचं आहे.

*तपासा:* पटांगणात स्वच्छतागृह नाही. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. सोय संग्रहालयाच्या आत आहे किंवा अलीकडे ऑक्युलसमध्ये. ऑक्युलसमध्येच उरकून पुढे निघा.

ऑक्युलसमधून ग्रीनिच स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडलं की समोर झाडी दिसते आणि पाण्याचा आवाज येतो. इथेच पहिला मोह होतो तो पटांगणात रेंगाळण्याचा. एक चक्कर मारा, पण नावं आत्ता शोधू नका. तिकिटावरच्या वेळेआधी १५-२० मिनिटं रांगेत असा.

टप्पा ५: तपासणी आणि खाली उतरणं

तपासणीतून बाहेर पडलं की वरच्या काचेच्या दालनात दोन गंजलेले, त्रिशूळासारखे वर फाटलेले पोलादी खांब दिसतात. ते उत्तर टॉवरच्या दर्शनी भागातले आहेत. खांबाला टेकून फोटो काढण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतो. फोटो काढा, टेकू नका.

मग उतार सुरू होतो. अंधारलेला, लांब. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचे आवाज एकमेकांवर चढत जातात, ती बातमी आपण कुठे असताना ऐकली ते सांगणारे. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. माझे सासरे इथे थांबून हमखास सांगतात की ते ऑफिसातून नुकतेच आले होते आणि टीव्हीवर कुठलातरी सिनेमा लागलाय असं त्यांना वाटलं होतं. सांगू द्या. या उतारावर घाई करण्याचं काही कारण नाही.

पुढे एका ठिकाणी थांबून वरून खाली पाहता येतं. उजेडात एक उंच भिंत आणि एकटा खांब दिसतो. "चला, तिथे जाऊ" असं सगळे म्हणतात. तिथे शेवटी जायचं आहे.

खाली जाताना बाजूला एक तुटका, झिजलेला काँक्रीटचा जिना आहे. याच जिन्यावरून त्या दिवशी शेकडो माणसं बाहेर पडली. आपण शेजारच्या नव्या पायऱ्यांनी किंवा सरकत्या जिन्याने उतरतो.

*सावधान, निळी भिंत:* तळाशी निळ्या चौकोनांची एक मोठी भिंत आहे. जलरंगातले २,९८३ कागद, प्रत्येकाचा निळा वेगळा, त्या सकाळच्या आकाशाचा रंग आठवण्याचा प्रयत्न. दिसायला सुंदर, त्यामुळे लोक तिच्यापुढे हसत सेल्फी घेतात. या भिंतीमागे, लोकांना प्रवेश नसलेल्या खोलीत, न ओळखले गेलेले अवशेष ठेवलेले आहेत. इथे गेलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांची ओळख अजून पटलेली नाही. हे घरच्यांना भिंतीपाशी पोहोचायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं की फोटो काढलेल्याला फार ओशाळवाणं होतं.

टप्पा ६: तळाशी काय आधी, काय नंतर

खाली मुख्य जागा तीन. बहुतेक जण पाय नेतील तिकडे जातात आणि नेमकं सगळ्यात जड दालन शेवटी, थकल्यावर पाहतात. माझा क्रम असा.

*आधी चेहऱ्यांचं दालन, 'इन मेमोरियम'.* दक्षिण टॉवरच्या पायाच्या जागेत हे आहे. चारही बाजूंच्या भिंतींवर गेलेल्या माणसांची छायाचित्रं, जमिनीपासून वरपर्यंत. मधल्या टेबलांच्या काचेवर बोटाने नाव शोधलं की त्या माणसाबद्दल वाचता येतं. आदल्या रात्री निवडलेलं नाव इथे काढा. लग्नातला फोटो, मासे पकडतानाचा फोटो, कुठेतरी टाय वाकडा. आत एक छोटी अंधारी खोली आहे, तिथे बसून घरच्यांच्या आवाजातल्या आठवणी ऐकता येतात. या दालनाला अर्धा तास द्या. हे आधी पाहायचं कारण साधं आहे: मुख्य प्रदर्शनातून बाहेर आल्यावर चेहरे पाहण्याइतका जीव उरत नाही.

*मग ऐतिहासिक प्रदर्शन.* उत्तर टॉवरच्या पायाच्या जागेत. तीन भाग: तो दिवस, त्याआधीचं, त्यानंतरचं. पहिला भाग मिनिटामिनिटाने पुढे सरकतो, विमानं आदळल्याच्या आणि टॉवर कोसळल्याच्या वेळा धरून: ८:४६, ९:०३, ९:३७, ९:५९, १०:०३, १०:२८. वाट नागमोडी आहे, वस्तू खच्चून भरल्या आहेत, धुळीने माखलेली पादत्राणं, ओळखपत्रं, टेलिफोनचे आवाज. इथे तास-सव्वा तास लागतो आणि बराच वेळ उभं राहावं लागतं.

या दालनाबद्दल तीन गोष्टी.

फोटो काढायला मनाई आहे, चेहऱ्यांच्या दालनातही. आत शिरतानाच फोन पिशवीत टाका. व्हॉट्सअॅपवर ताईला दाखवायला "एकच" काढणाऱ्यांना तिथले कर्मचारी सौम्यपणे पण सर्वांसमोर टोकतात.

जास्त विदारक गोष्टी आडोशाला, कोनाड्यांत ठेवल्या आहेत आणि बाहेर तशी पाटी आहे. वरून उड्या टाकलेल्या माणसांबद्दलचं त्यातच आहे. पाटी इंग्रजीत असते, आई-बाबा वाचतीलच असं नाही. तुम्ही पुढे राहा आणि आत जायचं की नाही ते विचारा. मी स्वतः एकदा गेले, परत जात नाही.

आणि मध्येच बाहेर पडायचे दरवाजे आहेत. सगळं पाहिलंच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. पैसे दिलेत म्हणून शेवटपर्यंत खेचत नेणं हा आपला खास दोष. आईचा चेहरा उतरलेला दिसला तर पहिल्या दाराने बाहेर न्या.

*शेवटी मोठं दालन.* उतारावरून दिसलेलं तेच. छत उंच, जागा मोकळी, बसायला बाक. एका बाजूला मूळ पायाची भिंत आहे, जिने टॉवर कोसळल्यावरही हडसनचं पाणी अडवून धरलं. मधोमध ३६ फुटी पोलादी खांब: ढिगारा उपसून झाल्यावर सगळ्यात शेवटी, मे २००२ मध्ये हलवलेला. त्याच्यावर कामगारांनी, पोलिसांनी, अग्निशामकांनी लिहिलेलं, चिकटवलेलं सगळं तसंच ठेवलंय. जवळ जाऊन वाचा. तुकड्यांचे आकडे, नावं, फोटो, चिकटपट्ट्या. बाबांना फलक वाचायचेत ना, त्यांना इथे सोडा आणि तुम्ही बसा.

याच पातळीवर लॅडर ३ या तुकडीची अग्निशामक गाडी आहे. मागून पाहिली तर लाल, धडधाकट वाटते. पुढे चालत जा. चालकाची केबिनच नाही. त्या तुकडीचे ११ जण परतले नाहीत.

*तपासा:* वर जायच्या आधी सगळ्यांनी इथलं स्वच्छतागृह वापरलंय का? पटांगणात काय नाही ते आठवा.

टप्पा ७: वर येऊन नावं

आता कागद काढा. क्रमांक पाहून थेट त्या पॅनेलपाशी जा. पटांगणात नावं शोधायची यंत्रंही आहेत, पण त्यांच्यापुढे रांग असते.

अक्षरं ब्राँझमध्ये आरपार कापलेली आहेत, बोट आत जातं. संध्याकाळी खालून उजेड येतो आणि नावं पेटतात. कठड्यापलीकडे पाणी ३० फूट खाली कोसळतं आणि मधल्या आणखी एका चौकोनात उतरतं, त्याचा तळ कुठूनही दिसत नाही. काही स्त्रियांच्या नावापुढे "आणि तिचं न जन्मलेलं बाळ" असं कोरलेलं आहे. आईला हे वाचून दाखवायचं की नाही, तुम्ही ठरवा. माझ्या आईला मी दाखवलं नव्हतं, तिने ते स्वतः वाचलं.

इथल्या चुका मात्र आपल्याकडून हमखास होतात, म्हणून जरा सविस्तर.

कठडा बरोबर कंबरेच्या उंचीला आहे आणि थोडा तिरका. टेकायला, पर्स ठेवायला, कप ठेवायला अगदी सोयीचा. मी स्वतः थंडीत कॉफीचा कप त्यावर ठेवून हातमोजे काढत होते. शेजारी उभ्या एका बाईने काही न बोलता आधी कपाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. कप एका नावावर होता. मी उचलला, नाव ओलं झालं होतं, ते रुमालाने पुसलं. त्या नावाचा स्पेलिंगसकट फोटो अजून डोक्यात आहे.

एखाद्या नावात पांढरं गुलाब खोचलेलं दिसेल. ते कोणाचं पडलेलं फूल नव्हे. त्या माणसाचा आज वाढदिवस आहे. कर्मचारी सकाळी ठेवतात. पुतणीने एकदा ते वास घ्यायला उपसलं होतं. मुलांना आधी सांगा.

पाणी दिसलं की नाणं टाकायची आपली सवय. इथे पाण्यात काहीही टाकायचं नाही, फूलही नाही. फूल आणलं असेल तर नावापाशी ठेवा. नमस्कार केला तर कोणी काही म्हणत नाही, माझे सासरे चप्पल काढूनच उभे राहतात.

नावाचा ठसा घ्यायचा असेल तर पातळ कागद आणि पेन्सिल घरून आणा. कागद अक्षरांवर दाबून हलक्या हाताने घासायचं.

दात काढून सेल्फी, व्हिडिओ कॉलवर मोठ्याने "हे बघ पाणी", ड्रेसचं फोटोशूट, हे सगळं रोज होतं आणि कोणी अडवत नाही. शेजारी उभा माणूस मात्र कोणाचा भाऊ असू शकतो. कॉल करायचाच असेल तर झाडांखाली मागे सरका.

*जाता जाता दोन जागा.* दक्षिणेच्या कुंडाजवळ रेलिंग लावलेलं एक पेअरचं झाड आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये ढिगाऱ्यात जळालेलं सापडलं, ब्राँक्समध्ये वाढवलं, २०१० मध्ये इथे परत लावलं. भोवतीची बाकीची शेकडो झाडं ओकची आहेत, हे एकटंच वेगळं. जुनी खरबरीत साल जिथे संपते आणि नवी गुळगुळीत सुरू होते तो जोड खोडावर स्पष्ट दिसतो. आणि नैर्ऋत्येला सहा मोठे दगड तिरके उभे आहेत, २०१९ मध्ये बसवलेले, ढिगारा उपसताना विषारी धुळीने आजारी पडलेल्यांसाठी आणि त्यातून गेलेल्यांसाठी. बहुतेक लोक त्यांना बसायचे दगड समजतात.

टप्पा ८: नंतर

लगेच पुढचा कार्यक्रम लावू नका. "आता शॉपिंग" हा बेत आम्ही एकदा केला होता, कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि दोन दुकानांत नुसते हात लावून आलो. त्यापेक्षा पश्चिमेला हडसनच्या काठापर्यंत चाला, दहा मिनिटांचाही रस्ता नाही. बाकांवर बसा, डबा खा. आई बोलायला लागते ती साधारण इथे.

परतताना पाथच्या फलाटावर गाडीवरची पाटी वाचूनच चढा. शेजारीच होबोकेनची गाडीही लागते, आणि दिवसभर थकलेले बाबा जी उघडी दिसेल तिच्यात जाऊन बसतात. आपल्याला नेवार्कची हवी.